पोर्चच्या काँक्रीटला पडलेल्या भेगांवर केलेला उपाय

आमच्या पोर्चमधील जुन्या काँक्रीटला वेड्यावाकड्या भेगा पडल्या होत्या आणि पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचत असे. वरून फरशी बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला; परंतु खालच्या थराची हालचाल चालू असेल तर त्याच भेगा फरशीतूनही वर येतात, म्हणून सगळे उखडून १०० मिलिमीटर जाडीचे नवे काँक्रीट टाकून घेतले.

उतार घराकडून बाहेर, दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ठेवला आणि भिंतीलगत लवचीक पट्टी सोडली. काँक्रीट वाळताना आकसते, त्यामुळे ते तडकणारच. कुठे तडकावे, एवढेच आपल्या हाती असते. त्यासाठी दुसऱ्या दिवशी कटरने जाडीच्या एक चतुर्थांश, म्हणजे २५ मिलिमीटर खोल खाचा घेतल्या. त्या खांबांच्या रेषेत आणून अडीच मीटरचे चौकोन पाडल्यामुळे तीच पोर्चची नक्षी झाली. (ठसे उमटवून दगडाचा आव आणणारे काँक्रीट मला रुचत नाही.)

त्याआधी, पहिल्या दिवशी काँक्रीट ओले असतानाच, नियोजित चौकोनांच्या मध्यभागी चालण्याच्या दिशेला आडवा झाडू फिरवून पृष्ठभाग खरबरीत केला आणि कडेची वीतभर पट्टी थापीने गुळगुळीत ठेवली. मात्र त्यासाठी ओल्या काँक्रीटमधून वर आलेले पाणी ओसरून चकाकी जाईपर्यंत थांबावे लागते, अन्यथा वरचा थर पुढे भुकटी होऊन सुटतो. त्यानंतर सात दिवस गोणपाट सतत ओले ठेवले.

कालांतराने खाचेच्या तळाशी केसासारखी भेग दिसली, तेव्हा खाच स्वच्छ करून तीत पॉलियुरेथेन सीलंट भरले.