नव्या व्यावसायिक सॉफ्टवेअरची सल्लासेवा सुरू करताना या चुका टाळा

एखादे नवे हिशेबाचे किंवा ईआरपी (खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारे) सॉफ्टवेअर बाजारात आले, की चार व्हिडिओ पाहून व्हिजिटिंग कार्ड छापून घेणारे तरुण मला पणजी-म्हापशात नेहमी भेटतात. डेमोमधला डेटा स्वच्छ असतो, ग्राहकाचा नसतो, एवढेही त्यांनी अनुभवलेले नसते. स्वतःची बिले तीन महिने त्यात लिहून त्याच आकड्यांवरून जीएसटीचे विवरणपत्र भरल्याशिवाय मी कोणतेही सॉफ्टवेअर कोणाला सुचवत नाही. तेवढा धीर नसेल, तर या धंद्यात उतरू नये.

सर्वांत महाग चूक जुन्या मालाच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवताना होते आणि ती मीही केली आहे. फोंड्यातल्या एका बांधकाम साहित्याच्या व्यापाऱ्याला चतुर्थीपूर्वी सारे सुरू हवे होते. मी त्याची एक्सेल फाईल घेतली आणि एका संध्याकाळी आरंभीचा साठा भरून मोकळा झालो. दोन बाय दोन फुटांच्या फरशीच्या पेटीत चार नग, म्हणजे सोळा चौरस फूट माल असतो. त्याची खरेदी पेटीने होई, विक्री चौरस फुटाने आणि मी मापांचे रूपांतर न भरल्यामुळे शंभर पेट्या शंभर चौरस फूट म्हणून नोंदल्या गेल्या. सातवी पेटी विकताच साठा उणे दिसू लागला. त्यात एकच फरशी तीन स्पेलिंगांनी तीन वस्तू होऊन बसली होती.

माझ्या मदतनिसाने चुकीच्या नोंदी थेट डेटाबेसमधून पुसण्याचा सोपा मार्ग सुचवला. तो मी साफ नाकारला, कारण ग्राहक खासगी मर्यादित कंपनी होता आणि 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. प्रत्येक दुरुस्ती उघडपणे करावी लागली, तिचे कारण सीएंना द्यावे लागले आणि गणपती माझ्याविनाच बसले. तेव्हापासून मी गोदाम सांभाळणाऱ्या माणसाबरोबर बसून निदान जास्त खपाच्या वस्तूंची नावे, मापे आणि प्रत्यक्ष मोजणी खरेदीच्या बिलांशी ताडून पाहतो. सराव नेहमी वेगळ्या चाचणी कंपनीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच सरावासाठी उघडलेल्या वेगळ्या हिशेबात करतो. ग्राहक कितीही कुरकुरला, तरी जुनी आणि नवी पद्धत एक महिना शेजारी-शेजारी चालवतो.

हॉटेलवाल्यांचे काम डिसेंबरात सुरू करू नये. नव्या उत्पादनात पहिल्याच महिन्यात मनासारखे बदल करून देऊ नयेत, कारण पुढची आवृत्ती आली की ते मोडतात आणि दोष सल्लागाराकडे येतो. ॲडमिनचा पासवर्ड ग्राहकाच्याच ताब्यात असावा. विक्रेत्याकडून कमिशन मिळत असेल, तर ते ग्राहकाला आधी सांगावे.

शुल्काबाबत मात्र नवखे फार भिडस्त असतात. तोंडी एक रक्कम सांगतात, नोंदणी असूनही 18 टक्के जीएसटी त्यात आहे की वेगळा, हे बोलत नाहीत आणि मग करही खिशातून भरतात. ‘एवढेच एक रिपोर्ट करून द्या’ ही मागणी तर मी आता कागदावर घेतल्याशिवाय ऐकतच नाही. पहिल्या महिन्याचे सर्व फोन माझ्या शुल्कात धरलेले असतात. दुसऱ्या महिन्यापासून तासाचा दर लागतो आणि तो कामाच्या पत्रात पहिल्याच पानावर लिहिलेला असतो.