आधी चाल पाठ करावी: जॅझ सॅक्सोफोन ऐकण्याची एक रीत

धाडसी म्हणून गाजलेल्या सॅक्सोफोनवादकांच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना वाटते, की वादक मनाला येईल तसा सुरांमागून सूर वाजवत सुटला आहे. तसे वाटण्याचे कारण ऐकणाऱ्याच्या कानात नसते. ज्या गाण्याशी वादक खेळतो आहे ते गाणेच आपल्याला ठाऊक नसते, एवढीच अडचण असते. अमेरिकेतल्या नाटकांतली आणि चित्रपटांतली जी गाणी जॅझवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली, त्यांना स्टँडर्ड म्हणतात, आणि तिथल्या श्रोत्यांना ती तोंडपाठ असत. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की वादकाच्या स्वतःच्या रचनांना हात घालण्यापूर्वी दोन-तीन स्टँडर्ड्‌स पक्की करावीत, आणि तीही गायलेल्या रूपात.

सुरुवात ‘बॉडी अँड सोल’पासून करावी. बिली हॉलिडेने 1940 मध्ये गायलेले हे गाणे चार-पाच दिवस ऐकावे आणि शब्द न कळले तरी चाल गुणगुणता येईपर्यंत सोडू नये. मग सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने 11 ऑक्टोबर 1939 रोजी ध्वनिमुद्रित केलेले तेच गाणे लावावे. सुरुवातीच्या काही ओळींत मूळ चालीची सावली दिसते, आणि त्यानंतर जेमतेम तीन मिनिटांत हॉकिन्स पूर्ण गाण्याची दोन आवर्तने अशी वाजवतो, की मूळ चाल जवळपास कुठेच उच्चारली जात नाही. तरीही गाणे तेच राहते, कारण त्याखालची स्वरसंवादांची, म्हणजे कॉर्ड्‌सची, साखळी बदललेली नसते. आपण मनातल्या मनात चाल म्हणत राहिलो, तर त्याचे प्रत्येक वळण त्या चालीला दिलेले उत्तर म्हणून ऐकू येते.

ही साखळी पकडण्यासाठी मात्रा मोजाव्या लागतात, आणि तीनताल हातावर धरता येणाऱ्याला ते अजिबात अवघड नाही. या गाण्याचे चार भाग असतात. पहिला भाग दोनदा येतो, मग वेगळा मधला भाग येतो, ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी पुन्हा पहिला. प्रत्येक भाग आठ मापांचा आणि प्रत्येक माप चार मात्रांचे, म्हणजे एका भागात तीनतालाची बरोबर दोन आवर्तने बसतात आणि पूर्ण गाण्यात आठ. सम मात्र जोरकस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण ड्रमवाल्याची पायाने वाजणारी झांज बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते आणि नवख्याला ती हमखास चकवते. ‘बॉडी अँड सोल’मध्ये ब्रिज ओळखायला आणखी एक खूण आहे: तिथे सगळे गाणे अर्ध्या स्वराने वर चढते. ती चढण हॉकिन्सने वाजवलेल्या गाण्याच्या दोन्ही आवर्तनांत हाताशी लागली, की पुढची वाट मोकळी होते.

यानंतर जॉन कोल्ट्रेनचे ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ घ्यावे. हे गाणे आपल्याकडे अनेकांना ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या 1965 च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे, पण ते मुळात त्याच नावाच्या 1959 च्या नाटकातले, आणि कोल्ट्रेनने ते ऑक्टोबर 1960 मध्येच ध्वनिमुद्रित केले. इथे तीनताल बाजूला ठेवून दादऱ्याच्या सहा मात्रा धराव्यात. मूळ गाण्यात आवडत्या वस्तूंची यादी संपल्यावर कुत्रा चावण्याचा आणि मधमाशी डसण्याचा भाग येतो, आणि तिथे गाणे मिटते. कोल्ट्रेन सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या, सॅक्सोफोनवर यादीची चाल वाजवतो, पण त्या शेवटच्या भागाकडे जातच नाही. मॅककॉय टायनरचा पियानो दोन कॉर्ड्‌स झुलवत ठेवतो, एल्विन जोन्सचे ड्रम्स खालून ढवळत राहतात, आणि षड्ज तोच ठेवून कोमल गंधाराची दुनिया मध्येच शुद्ध गंधाराची होते व पुन्हा मावळते. जवळजवळ चौदा मिनिटांच्या या वादनात राखून ठेवलेला तो भाग अगदी शेवटी, एकदाच येतो. ज्याला गाणे ठाऊक नाही त्याला हे थांबवून धरणे कळतच नाही, आणि ज्याला ठाऊक आहे तो समेची वाट पाहावी तसा त्याची वाट पाहतो. आलापीवर पोसलेल्या कानांसाठी जॅझमध्ये याहून चांगले प्रवेशद्वार मला माहीत नाही.

तिसरा टप्पा म्हणजे पियानोशिवाय ऐकणे. सनी रॉलिन्सने 3 नोव्हेंबर 1957 रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये केवळ बास, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, आणि ड्रम्स सोबत घेऊन जी मैफल ध्वनिमुद्रित केली, तिच्यात कॉर्ड्‌स सांगणारे कोणी नाही; त्या आपल्याला बासच्या सुरांवरून ओळखाव्या लागतात. म्हणून पहिल्या वेळी सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून फक्त बास ऐकावा. त्या दिवशी ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ दुपारी आणि रात्री वेगवेगळ्या साथीदारांसोबत वाजले, आणि दोन्ही उपलब्ध आहेत. ती पाठोपाठ ऐकली की साथ बदलल्याने वादक कसा बदलतो ते दिसते. (याच रॉलिन्सने साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत पवईच्या आश्रमात काही महिने काढले आणि 1978 मध्ये तो मुंबईच्या जॅझ यात्रेत वाजवून गेला.)

आता मूळ रचनांकडे वळावे, आणि पहिली रॉलिन्सचीच ‘सेंट थॉमस’ निवडावी, जी त्याने 1956 मध्ये आईकडून ऐकलेल्या कॅरिबियन लोकधुनेवर बांधली. आवर्तन फक्त सोळा मापांचे असल्याने ते लगेच पाठ होते. स्वतःचे वादन सुरू करताना तो केवळ दोन सुरांचा एक तुकडा घेतो आणि तो मात्रांच्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहतो; हा तुकडा किती वेळा आणि कुठे कुठे येतो हे कागदावर टिपून ठेवावे.

कोल्ट्रेनच्या 1959 च्या ‘जायंट स्टेप्स’ला मात्र वेगळी तयारी लागते, कारण तिथे सोळा मापांत आधारस्वर सतत बदलतो. एक षड्ज धरला तर दुसरा आधार त्याच्या शुद्ध गंधारावर आणि तिसरा कोमल धैवतावर येतो, म्हणजे सप्तकाचे तीन समान भाग होतात. पेटीवर हे तीन सूर आधी दाबून पाहावेत.

सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या त्याच वर्षीच्या ‘लोनली वुमन’मध्ये ड्रम्स घाईत धावतात आणि त्यांच्यावर चाल विलंबित तरंगते, तेव्हा तिथे मात्रा मोजण्याचा हट्ट सोडून चाल कुठे श्वास घेते एवढेच ऐकावे. ती चार-सहा वेळा ऐकून झाली, की कोलमनचेच 1960 मधले ‘एम्ब्रेसेबल यू’ लावावे, पण त्याआधी संगीतकार जॉर्ज गर्श्विनचे मूळ गाणे एखाद्या गायिकेकडून नीट पाठ करून घ्यावे.