नवं औषध सरस, की जुन्याच्या तोडीचं? ट्रायलच्या आखणीत नव्याने येणाऱ्यांसाठी

“सर, तेवढा सँपल साइज, म्हणजे किती पेशंट लागतील ते, काढून द्या की.” सोलापुरात ट्रायलच्या, म्हणजे पेशंटवर औषध तपासण्याच्या अभ्यासाच्या, आखणीचं काम करताना बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच ऐकतो, मग ती एमडीची मुलं असोत की नुकतीच फार्मसी झालेली. काढून देतो, पण आधी विचारतो: नवं औषध जुन्यापेक्षा सरस आहे असं दाखवायचंय, की जुन्याच्या तोडीचं आहे एवढंच? आणि जुनं म्हणजे नेमकं कोणतं, किती डोसमध्ये? यावर बरेच जण गाइडकडे परत जातात. तो हेलपाटा वाया जात नाही.

ज्या आजारावर चांगला उपचार आधीच आहे, तिथं पेशंटला नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर) ठेवायला एथिक्स कमिटी सहसा मान्यता देत नाही. म्हणून तुलना चालू उपचाराशी. इथं एक चलाखी चालते: जुन्या औषधाचा डोस कमी ठेवायचा, म्हणजे नवं आपोआप चमकतं. कुठलाही प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा, हातात आला की मी कंट्रोल आर्मचा (जुनं औषध घेणाऱ्या गटाचा) डोस आधी बघतो. तुम्हीही बघत चला.

‘तोडीचं’ दाखवून काय मिळवायचं, असं नवख्यांना वाटतं. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेला क्षयरोगाचा अभ्यास वाचा. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला तीच औषधं घरी दिली. घरी आहार बेताचा, जागा अपुरी, तरी गुण जवळजवळ सारखाच आला. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि घरच्या उपचाराला बळ मिळालं. अलीकडचं उदाहरण स्ट्रीम ट्रायलचं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ९ ते ११ महिन्यांचा उपचार विरुद्ध २० महिन्यांचा. यश ७८.८ टक्के आणि ७९.८ टक्के. फरक १० टक्क्यांच्या आत राहिला तर चालेल, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

ही ‘चालेल’ची मर्यादा, म्हणजे मार्जिन, सगळ्यात जास्त वाद घालण्यासारखी गोष्ट. समजा दोन्ही औषधांनी ८० टक्के पेशंट बरे होतात. पॉवर (औषध खरंच तोडीचं असेल तर ट्रायलमध्ये ते दिसण्याची शक्यता) ८० टक्के, एका बाजूचा अल्फा (तोडीचं नसताना तोडीचं ठरवण्याची शक्यता) २.५ टक्के धरला, तर १० टक्क्यांच्या मार्जिनला एका आर्ममध्ये साधारण २५१ पेशंट लागतात. मार्जिन ५ टक्के केलं की तोच आकडा हजाराच्या वर जातो. मग पेशंट मिळत नाहीत म्हणून मार्जिन ताणायचा मोह होतो. मार्जिन ठरतं ते किती नुकसान पेशंटला परवडेल यावरून. ओपीडीच्या गर्दीवरून नाही.

आता खरी गोम. सरस ठरवायच्या ट्रायलमध्ये ढिसाळपणा केला की फरक पुसट होतो आणि तुम्हीच हरता. तोडीच्या ट्रायलमध्ये उलटं: दोन्ही गटांनी गोळ्या नीट घेतल्या नाहीत तर दोन्ही सारखेच दिसतात आणि तुम्ही ‘जिंकता’. म्हणून इथं सगळ्या पेशंटचं विश्लेषण आणि उपचार नीट पूर्ण केलेल्यांचं विश्लेषण, दोन्ही करा. ती एकच गोष्ट सांगत नसतील तर सावध व्हा. आणि फॉलोअपचं कॅलेंडर इथलं पाहून बनवा. आषाढीला माणसं पंढरपूरला, जानेवारीत गड्ड्याची जत्रा, ऊसतोडीच्या हंगामात फड हलेल तिकडे बिऱ्हाड. गळती २० टक्के धरली की २५१ चे ३१४ होतात.

रँडमायझेशनच्या, म्हणजे कुणाला कोणतं औषध ते चिठ्ठीने ठरवण्याच्या, लिफाफ्यांबद्दल एकच सांगतो: ते ट्यूबलाइटसमोर धरून बघा. आतला ‘अ’ किंवा ‘ब’ दिसला तर लिफाफे बदला. ज्याला पुढची चिठ्ठी कळते, तो नकळतही कुठला पेशंट कधी घ्यायचा ते ठरवतो.

संमतीपत्र मराठीत झालं म्हणजे झालं असं समजू नका. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू लागतं, अक्कलकोटकडे कन्नड. विडी वळता वळता एखादी मावशी विचारतेच, “डॉक्टर असून औषध चिठ्ठी टाकून देणार व्हय?” कोणतं जास्त चांगलं हे आम्हालाच अजून माहीत नाही, हे खरं उत्तर द्या. ऐकून काही जण नाही म्हणतात, म्हणू द्या.

सीटीआरआयवरची, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद होत नाही. प्रायमरी आउटकम (ट्रायलचा निकाल ज्यावर ठरतो ते मुख्य माप) आणि मार्जिनवर गाइडची सही त्याआधी घेऊन ठेवा, नंतर ‘जरा बदलूया का’ म्हणणारे बरेच निघतात.