काकडीच्या मळ्यात मधमाश्यांसाठी पाणी

बेळगाव-खानापूर भागात मार्च-एप्रिलचं ऊन आता भलतंच चढतं. अशा तापात मधमाश्या पोळ्यात पाणी नेऊन शिंपडतात आणि पंखांनी वारा घालून ते थंड ठेवतात. जवळ स्वच्छ पाणी नसेल तर औषध उतरलेल्या पाटावर जाऊन बसतात.

म्हणून बांधावर सावलीत एक पसरट खापर ठेवा. आत खडे असे रचा की त्यांचे माथे पाण्यावर राहतील. नुसत्या भरल्या भांड्यात माश्या बुडून मरतात. पाणी रोज बदललेलं बरं, नाहीतर डास पोसाल.

काकडी-कलिंगडाची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा फवारणी करायचीच असेल तर दिवस मावळताना. दोडक्याचं मात्र उलटं: ती पिवळी फुलं संध्याकाळीच उघडतात आणि पतंगही येतात. तिथे फुलं असताना पंप न उचललेलाच बरा.

कोथिंबीर, शेपूचे दोन-चार वाफे फुलावर जाऊ द्या. बाजारात दर पडला की तसेही कोण उपटतंय! बांधाची थोडी माती न नांगरता सोडा, एकेकट्या राहणाऱ्या माश्या तिथेच बिळं करतात.