फिल्टरचा रिस्पॉन्स काढताना या चुका टाळा

ट्रान्सफर फंक्शन (फिल्टरचं अंश-छेदातलं सूत्र) हाती आलं की पोरं ते थेट फ्रेक्झेडला (freqz, कुठल्या फ्रिक्वेन्सीला फिल्टर किती सिग्नल सोडतो हे काढणारं मॅटलॅबमधलं आणि पायथनच्या सायपायमधलं फंक्शन) भरवतात आणि वळणदार रेघ उमटली की स्क्रीनशॉट रिपोर्टात. फ्रेक्झेडचं काय, काहीही द्या, ते रेघ काढून देतं.

फायनल इयरच्या एका प्रोजेक्टचा व्हायव्हा घेत होतो. ईसीजीत घुसलेला मेन्सचा (घरातल्या विजेचा) ५० हर्ट्झ काढायला नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी दाबणारा), सॅम्पलिंग ५०० हर्ट्झ, क्यू (खड्डा किती अरुंद याचा आकडा) ३०. पोरगा म्हणाला, "सर, एक नॉच १३ डीबीच खाली जातोय, म्हणून दोन लावले एकामागे एक."

या नॉचचे झिरो (जिथे अंश शून्य होतो त्या जागा) युनिट सर्कलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी जिथे मोजतात त्या १ त्रिज्येच्या वर्तुळावर, बरोबर ५० हर्ट्झला बसलेले. तिथे गेन, म्हणजे आउटपुट भागिले इनपुट, शून्य. मग १३ आले कुठून? सायपायच्या फ्रेक्झेडला काही सांगितलं नाही तर ते ० ते २५० हर्ट्झमध्ये ५१२ बिंदू घेतं, म्हणजे दर ०.४९ हर्ट्झला एक. पन्नासच्या सर्वांत जवळचा बिंदू पडतो ४९.८ वर, आणि तिथला गेन खरोखरच उणे १३ डीबी आहे. खड्ड्याचा तळ दोन बिंदूंच्या मधेच राहून गेला. बिंदू १०२४ केले असते तर तोच फिल्टर २५ डीबी खोल दिसला असता. बिंदूंची संख्या बदलल्यावर खोली बदलते आहे, एवढं बघायलाही कुणाला सवड नव्हती. धडधाकट फिल्टरवर उपचार झाले: दुसऱ्या नॉचनं खड्डा रुंद केला आणि क्यूआरएसनंतरचं (ईसीजीतल्या उंच टोकानंतरचं) रिंगिंग, म्हणजे थरथर, वाढवलं.

मी नेहमी दोन आलेख काढतो. एक पूर्ण पट्ट्याचा, दुसरा फक्त ४५ ते ५५ हर्ट्झचा, ०.०१ च्या पायरीनं, फ्रिक्वेन्सी स्वतः देऊन. लॉग घेण्याआधी मॅग्निट्यूड १०⁻⁶ च्या खाली जाऊ देत नाही, नाहीतर उणे ३०० डीबीचा सुळका बाकी सगळा आलेख चेपून टाकतो.

दुसरं दुखणं चिन्हांचं. छेद १ − १.५झेड⁻¹ + ०.७झेड⁻² असेल (झेड⁻¹ म्हणजे एका सॅम्पलचा उशीर) तर मॅटलॅब आणि सायपायला १, −१.५, ०.७ द्यायचं. आर्मच्या सीएमसिस-डीएसपी लायब्ररीतल्या बायक्वाडला (सेकंड ऑर्डर फिल्टरला) मात्र हेच फीडबॅकचे, म्हणजे छेदातले १ सोडून उरलेले, आकडे उलट्या चिन्हांनी लागतात. तिथले १.५ आणि −०.७ उचलून तसेच सायपायमध्ये टाकले की एक पोल (जिथे छेद शून्य होतो ती जागा) −१.८७ वर, युनिट सर्कलच्या बाहेर जातो. फिल्टर अस्थिर, तरी आलेख देखणा! फ्रेक्झेड स्थिरता तपासत नाही. पोल तुम्हीच काढून बघा.

आणि कॅल्क्युलेटर घ्या. डीसीचा (० हर्ट्झचा) गेन म्हणजे अंशाच्या सहगुणकांची बेरीज भागिले छेदाची. वरच्या छेदावर अंश झेड⁻¹ असेल तर १ भागिले ०.२, म्हणजे ५, म्हणजे १४ डीबी. आलेख तिथून सुरू होत नसेल तर पुढे जाऊ नका. यूट्यूबवरचा कोड चिकटवणाऱ्यांना एवढंही जड जातं.

याच अंशाचे सहगुणक ०, १ असे देण्याऐवजी नुसता १ लिहिलात तर मॅग्निट्यूड जसाच्या तसा राहतो, फेज (लहर किती अंश मागेपुढे सरकते ते) मात्र चुकते, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपते.

डीबी काढायला २० लॉग, आणि तोही कॉम्प्लेक्स आकड्याची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घेऊन.

फेज अनरॅप केल्याशिवाय, म्हणजे ३६० अंशांच्या खोट्या उड्या काढल्याशिवाय, त्यावर भाष्य करू नका.

दहाव्या ऑर्डरचा, अगदी खालच्या कटऑफचा बटरवर्थ फिल्टर बी-ए रूपात (अंश-छेदाच्या सहगुणकांच्या दोन लांब याद्यांत) ठेवू नका; सहगुणकांच्या राउंडिंगनंच पोल सरकतात. सेकंड ऑर्डर सेक्शन (एकामागे एक जोडलेले छोटे तुकडे) वापरा.

एमआयटी-बीआयएच अरिदमिया या संग्रहातला ईसीजी उतरवला असेल तर तो ३६० हर्ट्झचा आहे आणि अमेरिकेतला. तिथे मेन्स ६० हर्ट्झ असते.