बाथरूममधलं अर्थिंग: या चुका टाळा

नळाला ओला हात लावला की झिणझिण्या येतात. मग घरात फतवा निघतो: गिझर बंद करूनच आंघोळीला जायचं. त्यावर काही दिवस निभतं आणि विषय मागे पडतो. पण साधा स्विच एकच वायर तोडतो. वायरमनने तो चुकून न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर बसवला असेल, तर स्विच बंद असतानाही फेज, म्हणजे करंट आणणारी बाजू, गिझरच्या आत पोहोचलेला असतो. गिझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच हवा, आणि तो बाथरूमच्या बाहेर.

झिणझिण्या नेमक्या कधी येतात ते आठवून पाहा. मुद्दाम हात लावून खात्री करू नका. गिझर चालू असतानाच येत असतील तर एलिमेंटमध्ये (पाणी तापवणाऱ्या कॉइलमध्ये) गळती आहे आणि अर्थची, म्हणजे गळतीचा करंट जमिनीत नेणारी वायर तुटलेली किंवा नावापुरती आहे, असं धरून चाला आणि दुरुस्तीपर्यंत तो गिझर वापरू नका. घराचा मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद असतानाही येत असतील, तर करंट बहुतेक बाहेरून येतोय: वरच्या-खालच्या फ्लॅटमधून पाइपातून, नाहीतर सोसायटीच्या सामाईक अर्थिंगमधून. अशा वेळी सेक्रेटरींना गाठा. स्वतःच्या घरातलं वायरिंग बदलून काही होणार नाही.

पाइपातून करंट येण्याचं मूळ एका जुन्या सवयीत आहे. अर्थिंग नाही ना, मग वायर पाण्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला गुंडाळ. नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती असोत की वाशी-नेरूळमधली सिडकोची घरं, हल्ली बाथरूम नवं करताना प्लंबर मधले जीआयचे तुकडे काढून सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप घालतो. त्याबरोबर जमिनीशी असलेली धातूची साखळी तुटते. उरलेला पाइप भिंतीत लोंबकळत राहतो, त्याला कुणाच्या तरी गिझरची अर्थची वायर तशीच चिकटलेली. त्या गिझरमध्ये गळती झाली की झटका भलत्याच घरात बसतो. पाइप बदलायचा असेल तर त्याला कुठे वायर जोडली आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या.

याहून वाईट जुगाड म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिना एका तुकड्याने जोडणं. काम झालं असं वाटतं, टेस्टरही गप्प राहतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की गिझरच्या पत्र्यावर थेट फेज येतो. शिवाय गळतीचा करंट न्यूट्रलमधूनच परत जात असल्यामुळे आरसीसीबीला (करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) त्यात वावगं काही दिसत नाही. असा तुकडा सापडला तर ज्याने लावला त्याला पुन्हा घरात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘फेज-अर्थवर बल्ब लावून बघितला, लखलखीत पेटला’ हाही अर्थिंग चांगलं असल्याचा पुरावा नाही. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थचा रोध ५० ओहम असला तरी तो जवळजवळ पूर्ण उजेड देतो. आता समजा, इमारतीची भिस्त तिच्या स्वतःच्या अर्थ पिटवर (अर्थची वायर जमिनीला जोडणाऱ्या खड्ड्यावर) आहे आणि करंटच्या सगळ्या वाटेचा रोध १० ओहम आहे. गिझरच्या बॉडीला फेज टेकला, तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतील. २० अँपिअरच्या एमसीबीच्या, म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या दृष्टीने हा किरकोळ जादा लोड. ती तासाभरात पडेलच याची खात्री नाही. तेवढा वेळ अर्थला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर धोक्याचं व्होल्टेज राहू शकतं, फ्रिजच्या दारावरसुद्धा.

म्हणून आरसीसीबी लागतेच, आणि ती ३० मिलीअँपिअरची. दुकानात १०० आणि ३०० च्याही मिळतात. त्या आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी नव्हे. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र बटण दाबल्यावर ती पडली याचा अर्थ अर्थिंग चांगलं आहे असा होत नाही. ते बटण अर्थची वायर मुळीच नसतानाही काम करतं.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडते म्हणून बायपास करून टाकणारे महाभाग आहेत. कारण शोधा. सगळ्या एमसीबी बंद करून एकेक चालू करत जा, म्हणजे दोषी सर्किट सापडतं. एकही चालू नसताना ती पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय, कारण एका पोलची एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. मग प्लग एकेक करून उपसा. सुरुवात बरेच दिवस न वापरलेल्या गिझरपासून करा, एलिमेंटमध्ये दमटपणा शिरलेला असतो.

आता बाँडिंग, म्हणजे बाथरूममधले धातू एकमेकांना जोडणं, जेणेकरून दोन वस्तूंना एकदम हात लागला तरी त्यांच्यात व्होल्टेजचा फरक नसेल. इथे उत्साह नडतो. टाइलवर स्क्रूने बसवलेला टॉवेल रॉड, सीपीव्हीसीच्या टोकावरचा नळ यांना वायर जोडू नका. वेगळ्या पडलेल्या धातूला अर्थशी जोडलं, तर अर्थवरचा दोष उगाच तिथवर येतो. बाहेरून आत येणारा धातूचा पाइप मात्र जोडायलाच हवा: ४ चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तांब्याची वायर, पाइपावरचा रंग-गंज खरवडून बसवलेला क्लँप, तिथून गिझरच्या अर्थपर्यंत. क्लँप टाइलखाली गाडू नका. खाडीच्या दमट हवेत तो गंजतो आणि वर्षा-दोन वर्षांनी उघडून बघावा लागतो.

सोसायटीचा अर्थ पिट कुठे आहे, हे वॉचमनला विचारा. पुष्कळ ठिकाणी तो पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गेलेला असतो. तो उघडा करून त्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या आणि आकडा लिहून मागा. मोजणी मे महिन्यात करा. जुलैत जमीन ओली असते, आकडा उगाच चांगला येतो.