कर्जासाठी अर्ज करण्यापूर्वी: गुणांक पाहा, पण अहवाल वाचा

गृहकर्ज घ्यायचे ठरले की बहुतेक जण मोबाईलवर आपला क्रेडिट स्कोअर, म्हणजेच गुणांक, पाहतात आणि तो 750च्या पुढे दिसला की निर्धास्त होतात. कर्ज मंजूर करणारा अधिकारी मात्र त्या आकड्यावर थांबत नाही. त्याच्यासमोर अर्जदाराचा संपूर्ण पतमाहिती अहवाल असतो आणि अंतिम निर्णयात त्यातील नोंदींचे वजन मोठे असते. बोलण्यात या दोन्ही गोष्टींना सरसकट ‘सिबिल’ म्हटले जात असल्यामुळे लोक आकडा वाढवण्याच्या मागे लागतात आणि ज्या नोंदींमुळे तो आकडा तयार झाला, त्यांच्याकडे पाहायचे राहून जाते.

अहवालात तुमची ओळख, पत्ते, आजवरची कर्जे व क्रेडिट कार्डे, प्रत्येक खात्यावरील थकबाकी, महिन्यागणिक परतफेडीची स्थिती आणि कोणकोणत्या संस्थांनी तुमची माहिती मागवली याची नोंद असते. गुणांक म्हणजे याच नोंदींवर एखादे सूत्र लावून त्या दिवसापुरता काढलेला 300 ते 900 यांमधील आकडा. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या पतमाहिती कंपन्यांसंबंधीच्या 2005च्या कायद्याखाली हे काम करतात. प्रत्येकीचे सूत्र वेगळे असल्याने एकाच व्यक्तीचे चार गुणांक वेगवेगळे दिसणे स्वाभाविक आहे. तुमचा पगार, बचत खात्यातील शिल्लक किंवा मुदत ठेवी यांचा मात्र गुणांकात विचार होत नाही. त्या बँक स्वतंत्रपणे तपासते.

कर्जदात्यांच्या दृष्टीने गुणांक ही पहिली चाळणी आहे. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदरही गुणांकाच्या टप्प्यांनुसार ठरवतात. रिझर्व्ह बँकेने किमान गुणांक ठरवून दिलेला नाही. ही रेषा प्रत्येक संस्था आपल्या धोरणानुसार आखते. पण समजा, दोन अर्जदारांचे गुणांक 740 आहेत. एकाने कार्डाची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली आहे, परंतु एकही हप्ता चुकवलेला नाही. दुसऱ्याने काही वर्षांपूर्वी एक कर्ज तडजोडीत मिटवले आहे. पहिल्याची अडचण कार्डाचे बिल भरल्यावर दूर होऊ शकते, तर दुसऱ्याच्या बाबतीत एका संस्थेला आपल्या येणे रकमेचा काही भाग सोडून द्यावा लागला होता, हे अधिकाऱ्याला दिसते. आकडा सारखा असूनही निर्णय वेगळा लागतो तो येथे.

म्हणून कर्जाची गरज पडण्याच्या तीन-चार महिने आधी चारही कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून अहवाल मागवावेत. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा गुणांकासह पूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. थोड्या अवधीत अनेक ठिकाणी केलेले कर्जाचे अर्ज मात्र चौकशांच्या रकान्यात दिसतात आणि ते पैशाच्या तातडीचे लक्षण मानले जाते.

वाचताना आधी पॅन, जन्मतारीख व नाव तपासावे, कारण नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या अहवालात येऊ शकते. त्यानंतर प्रत्येक खाते आपलेच आहे का आणि फेडलेले कर्ज बंद दिसते का, हे पाहावे. परतफेडीच्या रकान्यात ‘000’ असेल तर त्या महिन्यात थकबाकी नव्हती. तेथे 30 किंवा 60 असा आकडा असेल तर तितके दिवस उशीर झालेला आहे. नव्वद दिवसांपलीकडे थकलेले कर्ज साधारणपणे अनुत्पादक (एनपीए) ठरते. ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीत मिटवलेले, अशी नोंद आढळल्यास उरलेली रक्कम भरून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे आणि खाते पूर्ण फेडीने बंद झाल्याचे कळवण्यास त्या संस्थेला लेखी सांगावे.

जामीनदारीकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आवर्जून सांगेन. महाराष्ट्रात नातेवाइकाच्या किंवा सहकाऱ्याच्या कर्जाला भिडेखातर सही दिली जाते आणि पुढे ती विसरलीही जाते. सहकारी बँकांनाही चारही कंपन्यांचे सदस्यत्व बंधनकारक असल्यामुळे असे कर्ज जामीनदाराच्या अहवालात दिसू शकते आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर त्याची झळ जामीनदारालाही बसते.

चूक सापडल्यास संबंधित कंपनीकडे पुराव्यासह तक्रार नोंदवावी. सातबाऱ्यावरील नोंद जशी फेरफाराशिवाय बदलत नाही, तशी येथेही कर्जदात्या संस्थेने पुष्टी दिल्याशिवाय कंपनी स्वतःहून दुरुस्ती करत नाही. म्हणून त्या संस्थेलाही त्याच दिवशी लिहावे. तक्रारीचा निपटारा 30 दिवसांत झाला नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाईची तरतूद आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही दाद मागता येते. खरी असलेली प्रतिकूल नोंद मात्र कोणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही. तसे आश्वासन देणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये.

दुरुस्तीनंतर लगेच अर्ज करू नये. 2025च्या जानेवारीपासून कर्जदात्यांनी किमान दर पंधरवड्याला माहिती अद्ययावत करणे अपेक्षित आहे. तेव्हा नवा अहवाल काढून बदल उमटल्याची खात्री करावी. एवढे करूनही अर्ज फेटाळला गेला, तर तोच अर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याआधी पहिल्या बँकेकडे तिने मागवलेल्या पतमाहितीची प्रत मागावी. 2005च्या कायद्याच्या कलम 21 नुसार अर्जदाराला तो हक्क आहे, आणि ती प्रत आपल्या अहवालाशी ओळीने ओळ ताडून पाहिल्यास नेमकी कोणती नोंद आड आली असावी, याचा अंदाज येतो.